सिस्टरची रिकामी कुंडी

सिस्टरनं माझ्या दारातलं एक पानसुद्धा विचारल्याशिवाय तोडलं नाही. तोडलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

मी गवंडी माणूस. शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीची परीक्षाही दिली नाही. अक्षर वाकडं आहे, पण माझी भिंत वाकडी निघाली असं पोलादपुरात कोणी दाखवावं. पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा हट्ट बराच येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मूळ गाव कापडे. पोलादपूरला एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला मी स्वतःच्या हातानं घर बांधलं आणि त्याला लागून दोन खोल्या भाड्यासाठी काढल्या. त्यातल्या एका खोलीत सिस्टर आली. सरकारी दवाखान्यात नर्स. सन पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. घाटावरची बाई, वाईकडची. नाव सुलोचना, पण त्या नावानं हाक मारणारं इथं कोणी नव्हतं. लहानथोर सगळ्यांची ती सिस्टर. तिच्या घरी कोण, मागे कोण, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

सामान टेम्पोतून आलं. एक लोखंडी पेटी, एक स्टो, चार भांडी, आणि बाकी सगळ्या कुंड्या. कुंड्या तरी कसल्या, तेलाचे डबे, फुटके माठ, सलाइनच्या कापलेल्या बाटल्या. संध्याकाळपर्यंत खिडकीच्या फळीवर इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांची ओळ लागली. प्रत्येकीत बोटभर पाणी आणि पाण्यात एकेक काडी. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको मंदा, ती ओळ बघून आली आणि मला म्हणाली, "अहो, ती बाई काड्यांना सलाइन लावते."

दुसऱ्या दिवशी तर कमाल. सिस्टर पडवीत स्टोवर पातेलं ठेवून बसली होती. पातेल्यात सावित्रीची वाळू, वर पाणी, खदखद उकळतंय. शेजारची गंगूवहिनी कुंपणावरून वाकली.

"काय गो सिस्टर, आज वाळूची खिचडी काय?"

"खिचडी नाही गंगूवहिनी. बाळंतिणीची खोली आधी धुवून घेतात की नाही? तसंच हे."

"आन् बालंतीन कुठं हाय?"

सिस्टरनं खिडकीतल्या काड्या दाखवल्या. गंगूवहिनी दोन दिवस गल्लीत सांगत फिरत होती, घाटावरची बाई कोकणात झाडं शिकवायला आलीय, वाळू शिजवते.

पण त्या काड्या लागायच्या. मी डोळ्यानं बघितलंय. तिची रीत ठरलेली. फांदी वीतभर घ्यायची, फार कोवळी नको, फार जून नको. पान जिथून फुटतं त्याला ती डोळा म्हणायची. डोळ्याच्या खाली तिरका काप, तोही दवाखान्यातल्या पात्यासारख्या धारदार पात्यानं. खालची पानं काढायची, वरची कात्रीनं अर्धी करायची. मंदानं विचारलं, पानं का कापता? तर म्हणाली, "आजारी माणसाला जड जेवण देतात का? मूळ नाही तोवर तिनं एवढी पानं पोसायची कशी?" मग काडी उकळलेल्या वाळूत आणि वर सलाइनची अर्धी बाटली पालथी. सगळं झालं की पदराला हात पुसायचे आणि म्हणायचं, "आपल्या हातात एवढंच."

हे वाक्य मला पहिल्यापासून आवडलं नाही. गवंड्याच्या हातात सगळं असतं. भिंत ओळंब्यात घेतली की उभी राहते. ती राहील की नाही याची वाट बघत बसावं लागत नाही.

तिची आणखी एक खोड. कुंडीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर नाव लिहायचं. झाडाचं नाव नाही, फांदी ज्यानं दिली त्याचं. जास्वंद, कण्हेर हे शब्द तिच्या तोंडात नव्हते. "कापड्याच्या पाटलीणबाईंना आज कळी आली," असं म्हणायची. एकदा स्टँडवरच्या कॅन्टीनवाल्यासमोर माझ्या मंदाला म्हणाली, "वहिनी, कॅन्टीनवाल्याला मावा पडलाय, तंबाखूचं पाणी मारावं लागेल." तो बिचारा घाबरला. "मला काय झालंय सिस्टर? काल तर बरा होतो!"

मी यावर पुष्कळ हसलो. पण एक दिवस हिरकणीवाडीचा माणूस आला, तेव्हा हसू थांबलं. रायगडाच्या पायथ्याला त्याची आई येणाऱ्याजाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालायची. सिस्टर कधीतरी गडावर गेली होती तेव्हा तिनं त्या म्हातारीकडून दुहेरी तगरीची फांदी मागून आणलेली. दोन वर्षांनी तो मुलगा पोलादपूरला बहिणीकडे आला, ताप भरला म्हणून दवाखान्यात गेला. बोलता बोलता सिस्टरला कळलं की म्हातारी गेली, आणि जेवणाची शेड वाढवताना ती तगरही गेली. सिस्टर त्याला घरी घेऊन आली. पडवीतली एक कुंडी उचलून त्याच्या हातात दिली. पट्टीवर लिहिलेलं, 'हिरकणीवाडीच्या आजी'. तो चाळिशीचा बाप्या कुंडी मांडीवर घेऊन माझ्या पायरीवर बसला आणि रडला. सिस्टर आत जाऊन चहा टाकत होती.

आता अनंताचं सांगतो.

माझ्या दारात, कपडे धुवायच्या दगडाजवळ, अनंताचं झुडूप होतं. मंदा तुडीलची. लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या अनंताची फांदी ओल्या फडक्यात, वरून केळीचं पान गुंडाळून घेऊन आली होती. आधी कापड्याला लावली, मग हे घर बांधल्यावर इथं आणली. पुरुषभर उंच झाला होता. फुलायला लागला की स्टँडवर उतरलेली माणसं वासानं मान वळवायची. पहिलं फूल देवाला, दुसरं सिस्टरच्या बाटलीत, असा मंदाचा नेम झाला होता. सिस्टर म्हणायची, "वहिनी, एकुलतं एक झाड ठेवू नये. मला एक फांदी द्या, मी दुसरं करून ठेवते." मंदा म्हणायची, "पाऊस सुरू होऊ दे. तुला नाय देणार तर कोणाला?" सिस्टर उन्हाळ्यातच कुंडी भरून मोकळी झाली.

त्या वैशाखात मंदाला कावीळ झाली. महाडला नेलं, तिथून परत आणलं. शेवटचे दिवस घरीच. सिस्टर ड्युटी संपली की तिच्या उशाशी. कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करायची. मी म्हटलं, "सिस्टर, काय तरी करा." तिनं माझ्याकडे बघितलं. हातात तो बोळा. म्हणाली, "मिस्त्री, आपल्या हातात एवढंच."

मंदा गेली. कोणाची काही चूक नव्हती. पण त्या बोळ्याचा राग माझ्या मनात बसला. माणूस मरतंय आणि ही ओठ पुसते.

पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांनी सिस्टर माझ्या दारात येऊन उभी राहिली. हात रिकामे. पातंसुद्धा आणलं नव्हतं.

"मिस्त्री, एक विचारायचं होतं. अनंताची एक फांदी देता का?"

"नाय."

"वहिनींनी सांगितलं होतं, पाऊस आला की—"

"मेलेल्या माणसाची साक्ष काढू नका."

सिस्टर वळली. मान खाली घालून गेली. मला वाटलं, मी जिंकलो.

चार दिवसांनी मी तिच्या खोलीचं कौल सरळ करायला शिडी लावली. वरून पडवी दिसत होती. कुंड्यांच्या ओळीत शेवटी एक कुंडी नुसत्या वाळूनं भरलेली. पट्टीवर नाव. मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो. 'मंदावहिनी.' डोक्यात तिडीक गेली. गेलेल्या माणसाचं ताट मांडून ठेवावं तसं वाटलं. शिडीवरूनच ओरडलो, "ते नाव काढा आधी!"

"जागा धरून ठेवलीय मिस्त्री. बाकी काही नाही," ती म्हणाली. नाव तिनं काढलं नाही. कुंडी फिरवली आणि पट्टी भिंतीकडे केली.

आमच्याकडे म्हणतात, मागून आणलेली फांदी लागत नाही, चोरून आणलेली लागते. गंगूवहिनीनं तिला तेच सांगितलं. मी मागच्या मोरीत आंघोळ करत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"अगो, तो बाप्या सकाळी कामावर जातो. तोड की एक फांदी! चोरलेली तर नक्की लागते. त्याला काय कलतंय?"

"नको वहिनी."

"एवढी का घाबरतेस गो त्याला?"

"घाबरत नाही. मी सुई टोचायच्या आधी विचारते, टोचू का? नको म्हणालं माणूस तर थांबते. झाडाला तोंड नाही, म्हणून त्याच्या माणसाला विचारायचं. त्यांनी नको म्हटलंय."

मी तांब्या हळूच खाली ठेवला, आवाज होऊ नये म्हणून.

त्या हिवाळ्यात मंदाच्या नावानं काहीतरी करावं असं माझ्या मनात आलं. मी काय करणार? मला एकच येतं. अनंताभोवती कट्टा बांधला. असा कट्टा तालुक्यात नसेल. गोल, वर बसायला घोटीव सिमेंट, कडेनं नक्षी. बाजारपेठेत एक जुनं घर पाडलं होतं, त्याचा चुन्याच्या गिलाव्याचा ढिगारा आणून आत भराव केला, वर माती. खोडाला गुडघ्यापर्यंत पांढराशुभ्र चुना फासला. गल्ली बघायला आली. माझा मुलगा मुंबईहून आला होता, तो म्हणाला, "पप्पा, एकदम फर्स्टक्लास."

सिस्टर ड्युटीवरून आली आणि पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली.

"मिस्त्री, भराव कशाचा घातलात?"

"का?"

"अनंताला चुना सोसत नाही. आंबट माती लागते त्याला. भराव काढा, अजून वेळ आहे."

"सिस्टर, तीस वर्षं चुना कालवतोय मी. माझी बोटं खाल्ली नाय त्यानं, ते झाड काय खाणार?"

"तुमच्या बोटांना मुळं नाहीत," ती म्हणाली.

भोवती माणसं होती. सगळी हसली. माणसं हसली नसती तर कदाचित मी भराव काढला असता. नक्की सांगता येत नाही. मी थापी उचलली आणि आधीच गुळगुळीत असलेला कट्टा पुन्हा घोटायला लागलो.

पुढच्या पावसात फुलं कमी आली. मग पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. मी शेणखत घातलं. पाणी वाढवलं. सिस्टर येताजाता बघायची आणि पुढे जायची. एकदा सांगून झालं होतं, दुसऱ्यांदा ती सांगत नसे. त्याच्या पुढच्या वर्षी कळ्या धरल्या आणि न उमलता गळल्या. शेंडे वाळायला लागले.

मुलगा फोनवर म्हणाला, "पप्पा, टेन्शन कशाला घेता? नर्सरीत वाट्टेल तेवढे अनंत मिळतात. मी येताना घेऊन येतो." मी फोन ठेवून दिला. नर्सरीतला अनंत तुडीलहून फडक्यात गुंडाळून आलेला नसतो.

शेवटी चैत्रात एक दिवस मी कोयत्यानं त्यातल्या त्यात हिरवी फांदी कापली आणि सिस्टरच्या पडवीत गेलो. मागायचं तोंड नव्हतं. म्हटलं, "ही खाली पडली होती."

तिनं फांदी हातात घेतली. कापलेलं टोक फिरवून बघितलं.

"पडलेली फांदी अशी तिरकी कापलेली नसते, मिस्त्री."

मी कोयता पाठीमागे धरला.

"बसा," ती म्हणाली आणि स्टो पेटवून वाळूचं पातेलं चढवलं.

त्या दिवशी तिनं माझ्या देखत झाडावरून आणखी फांद्या निवडल्या. प्रत्येक फांदीला हात लावायच्या आधी, "ही घेऊ?" मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. चौदा काड्या झाल्या. मूळ धरावं म्हणून मध लावून काही वाळूत ठेवल्या, काही पाण्याच्या बाटल्यांत. भिंतीकडे तोंड केलेली ती कुंडी तीन वर्षांनी सरळ केली. पट्टी पिवळी पडली होती, नाव वाचता येत होतं.

"लागतील ना?" मी विचारलं.

"ऋतू चुकलाय. झाडही आजारी आहे. बघू. एक मात्र पाळा, उपटून बघायचं नाही. काडी हलली की आत फुटू पाहणारं मूळ तुटतं."

मी घरी आलो, दगड फोडायची सुतकी घेतली आणि कट्टा फोडला. घोटलेलं सिमेंट लवकर फुटत नाही. दुपारपर्यंत घाव घालत होतो. भराव उपसला तेव्हा त्या चुन्यात मुळं दिसली. काळी, पिचकी. गंगूवहिनी कुंपणाशी उभी होती. एरवी तोंड बंद नसायचं तिचं. त्या दिवशी पाण्याचा तांब्या ठेवून निघून गेली.

झाड वैशाखात गेलं. काड्याही जायला लागल्या. खालून काळ्या पडायच्या, मग पानं गळायची. सिस्टर दवाखान्यातून आली की आधी काड्यांजवळ. मेलेली काढायची, वाळू बदलायची, बाटली धुवायची. पेशंटसारखी एकेकीची सेवा. आठ राहिल्या. पाच राहिल्या. दिवसा ती ड्युटीवर असली की मी पडवीत जाऊन बसायचो. बसून काय करणार? एक दिवस राहवलं नाही. पालथी बाटली काढली, एक काडी हळूच वर ओढली. खाली पांढरी गाठ आली होती, तांदळाच्या कणीएवढी. परत खुपसून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुसरी.

सिस्टरनं वाळू बघून ओळखलं. मला वाटलं ओरडेल. ती खालीच बसली, भिंतीला टेकून. मी तिला अशी बसलेली आधी कधी बघितली नव्हती.

"मिस्त्री, इतकं का बघायचं असतं तुम्हाला?"

"माझ्या हातात दुसरं काय आहे?" मी म्हटलं. आणि आपण कोणाचं वाक्य बोललो ते कळल्यावर उठून घरी आलो.

मी ओढलेल्या दोन्ही काड्या आठवड्यात काळ्या पडल्या. शेवटी एक उरली, 'मंदावहिनी' कुंडीतली. ती ना वाढायची ना मरायची. दोन अर्धी पानं, हिरवी, तशीच. मूळ आहे की नाही कळायला मार्ग नाही. तिला मी हात लावला नाही.

आणि जूनच्या तोंडावर सिस्टरच्या बदलीचा कागद आला. घाटावर, तिच्या गावाजवळच. तिनं स्वतःच अर्ज केला होता म्हणे, आईचे हातपाय चालेनासे झाले होते. तिला आई आहे हे मला तेव्हा कळलं.

कुंड्या तिनं गल्लीत वाटल्या. कॅन्टीनवाल्याला त्याचीच जास्वंद दिली. पाटलीणबाई गंगूवहिनीकडे गेल्या, आजही जिवंत आहेत, कुंपणाच्या वर आल्यात. अनंताची कुंडी मी माझ्याकडे ठेवून घेईन असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं. पण आदल्या दिवशी संध्याकाळी मी जाऊन सांगितलं, "ही तुम्ही न्या. माझ्याकडे राहिली तर मी उपटून बघीन." तिनं पेन काढलं. एका कागदावर पत्ता लिहून दिला. "पत्र टाका. लागली की कळवते, आणि पुढच्या वर्षी तिचीच फांदी करून तुमच्या दारात आणून लावते."

त्याला आता सात-आठ वर्षं झाली. तिचं पत्र आलं नाही, ती आली नाही. तो कागद माझ्या ओळंब्याच्या डब्यात आहे. गंगूवहिनी दर पावसाळ्यात म्हणते, "भावजी, दोन ओळी लिवा की. हाय का नाय ते तरी कलेल." मी लिहीत नाही. ती म्हणते हट्टी म्हातारा. असेन. पण पत्र टाकलं की उत्तर येणार, आणि उत्तर म्हणजे काडी वर ओढून बघणंच झालं. दारात कट्ट्याचा गोल अजून दिसतो. तिथं मी काही लावलं नाही.

सिस्टर गेली तो दिवस शेवटी लिहितो. सकाळची घाटातून जाणारी गाडी. दरड पडून रस्ता बंद व्हायच्या आत तिला जायचं होतं. पेटी टपावर चढवली. ती खिडकीशी बसली, मांडीवर कुंडी, कुंडीवर सलाइनची अर्धी बाटली. मी खाली उभा. कंडक्टरनं घंटी दिली तशी ती खिडकीतून वाकली.

"मिस्त्री, नेते हं ही. चालेल ना?"

काल मीच दिली होती. तरी विचारत होती. मी मान हलवली.

"मानेनं नको. तोंडानं सांगा."

"न्या," मी म्हटलं. इंजिनच्या आवाजात विरलं, म्हणून पुन्हा म्हटलं, "मी देतोय. न्या."

तिनं पिशवीतून चिकटपट्टी काढली, दातानं एक तुकडा तोडला आणि जुन्या नावाच्या खाली चिकटवला. पेन उघडलं तेवढ्यात गाडी हलली. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. त्या खिडकीची काच वर सरकत नव्हती, एसटीची ती. वारं आत येत होतं. गाडी वळणावर गेली तेव्हा मला दिसला तो तिचा हात. बाटलीला आडोसा म्हणून उभा धरलेला, दिव्याला धरतात तसा.